बाबांचं मॉडेल

मी कंप्युटरवर मेंदूतल्या पेशींची मॉडेलं बनवतो. दोनेक वर्षांपूर्वी आमच्या सुदामा नगरच्या घरी आईने विचारलं होतं, "ही पेशी करते तरी काय?"

मी म्हटलं, "येतील ते सिग्नल साठवते. अधूनमधून आले तर गळून जातात. लागोपाठ येऊन हद्द ओलांडली, की सणकन स्वतःचा सिग्नल सोडते."

आई हसली. "अरे, ये तो तुझे बाबाच झाले!"

खरंच होतं. पेपर उशिरा, फाटकासमोर कुणाची तरी गाडी, त्यात पोह्यांवर शेव नाही, की बाबा कडाडलेच.

मागच्या वर्षी त्यांना लकवा झाला. तेव्हापासून ते कशावरच चिडत नाहीत.

आई रोज मुद्दाम बिनशेवेचे पोहे त्यांच्यापुढे ठेवते, आणि त्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहते.