सोळाशेला बारा कमी

आमच्या ह्यांनी सोळाशे किलोमीटरची डोंगरवाट चालून पूर्ण केली, असं तुम्ही कुठे ऐकलं असेल तर ते आमच्या जावयाकडून ऐकलं असेल. त्याने तसा फलकच छापून आणला होता. खरं काय झालं ते मी सांगते, कारण मी तिथे होते आणि त्या भानगडीचा निम्मा पुरावा माझ्या पर्समध्ये होता.

हे वजनमापे खात्यात निरीक्षक होते. तेहतीस वर्षं. दुकानात जायचं, तराजू तपासायचा, वजनांवर खात्याचा शिक्का आहे का ते बघायचं आणि नसला की तिथल्या तिथे पंचनामा. बाजारात ह्यांना काटेसाहेब म्हणत. हे गल्लीच्या तोंडाशी दिसले की दुकानदारांची पाचावर धारण बसायची. एकदा एका म्हाताऱ्या दुकानदाराचा तराजू चार ग्रॅमने कमी भरला म्हणून ह्यांनी दुकानाला सील ठोकलं. तो दुकानदार माझा सख्खा मामा होता. मामा पुढे आयुष्यभर आमच्या घराची पायरी चढला नाही. ह्यांना त्याचं काहीच वाटलं नाही. "चार ग्रॅम म्हणजे चार ग्रॅम," एवढंच म्हणाले.

घरात तरी वेगळं काय असणार? चहात साखर दीड चमचा म्हणजे दीड, आणि त्या अर्ध्यासाठी चमच्यावर आतून ओरखडा मारलेला. शिंप्याकडे कापड टाकायचं तर आधी त्याची टेप आमच्या लोखंडी पट्टीला लावून बघायची. लग्नाच्या वर्षीचं माझं वजन ह्यांच्या वहीत लिहिलेलं आहे. पुढच्या वर्षांची मी लिहू दिली नाहीत, म्हणून संसार टिकला.

निवृत्त झाल्यावर ह्यांना तपासायला कोणी उरलं नाही. म्हणजे मी उरले. तीन महिन्यांत मी हात टेकले. अशात एका सकाळी पेपरात त्या डोंगरवाटेबद्दल छापून आलं. रानातून, खिंडींतून जाणारी सोळाशे किलोमीटरची पायवाट, दर मुक्कामाला एक झोपडी, चालायला पाच महिने. लोक म्हणे स्वतःचा शोध घ्यायला तिथे जातात. ह्यांनी बातमी दोनदा वाचली, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "सोळाशे? कुणी मोजलंय?"

मला तिथेच कळलं की हे जाणार.

तयारीत बूट, पाठीवरची पिशवी वगैरे सामान लेकीने आणलं. ह्यांनी स्वतः आणलं ते फक्त मापाचं चाक. रस्त्याची कामं करणारे वापरतात ते, लांब दांडा, खाली चाक आणि मुठीपाशी आकडे फिरणारी डबी. चाक जमिनीवरून ढकलत न्यायचं, डबी अंतर सांगते. ते चाक घेऊन हे आपल्या जुन्या कचेरीत गेले आणि रीतसर तपासून, शिक्का मारून घेतलं. निघताना मला हुकूम झाला. मी रोज संध्याकाळी मोबाइलवर आकडा पाठवीन, तू तो कॅलेंडरवर लिहायचास, शेजारी वाटेच्या पुस्तिकेतलं अंतर लिहायचंस. घरी आल्यावर ताळा करू.

नवरा पाच महिने डोंगरात जातोय आणि बायकोला सांगतोय काय, तर ताळा करू. मला रडू यायला हवं होतं, ते आलं नाही. पहिले आठ दिवस मी चहात हाताला येईल तेवढी साखर घातली. खरं सांगायचं तर मजेत होते. नवव्या दिवसापासून मात्र संध्याकाळ झाली की मी फोन उलटासुलटा करून बघायला लागले.

निरोप रोज एकाच साच्यातला. "मुक्काम सतरा. नऊ पूर्णांक चार. तब्येत उत्तम." पाऊस आहे, ऊन आहे, भीती वाटली, चंद्र दिसला, असलं काही नाही. पण आकडा असा बरोबर की पुस्तिकेत नऊ चार असलं की ह्यांचंही नऊ चारच. लेक म्हणायची, "आई, बाबा खूश आहेत ना?" मी म्हणायचे, "फार दुःखात असणार. चूक सापडत नाहीये."

सत्त्याण्णवाव्या दिवशी पुस्तिकेत एकोणीस होते. पूर्ण वाटेतला तोच सगळ्यात मोठा टप्पा. ह्यांचा निरोप आला, "मुक्काम सत्त्याण्णव. सात. तब्येत उत्तम." मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग वाटलं, पुस्तिकेत चुकून छापलं असेल, स्वारी आता आनंदाने नाचत असेल. मी कॅलेंडरवर एकोणीसच्या शेजारी सात लिहिले आणि झोपले. त्यानंतर पुन्हा सगळे आकडे जुळत गेले.

शेवटच्या दिवशी आम्ही तिघं गाडी घेऊन वाटेच्या टोकाला गेलो. लेक, जावई आणि ह्यांच्या हुकमाप्रमाणे पाच महिन्यांची कॅलेंडरची पानं पर्समध्ये घेऊन मी. टोक म्हणजे काय, तर गाड्या लावायची मोकळी जागा, एक दगड आणि एक छोटी कचेरी. कचेरीच्या भिंतीवर वाट पूर्ण करणाऱ्यांची नावं रंगवलेली. आत एक मुलगी टेबलाशी बसलेली, कामाला लागून तीन आठवडे झालेले. तिच्यासमोर मोठी वही. वहीत दोन रकाने, पूर्ण आणि अपूर्ण, आणि शेवटी शेरा.

हे वळणावरून येताना दिसले ते मी आधी ओळखलंच नाही. निम्मे झाले होते. गालफडं बसलेली, दाढी छातीपर्यंत, पँट दोरीने बांधलेली. पुढे चाक. जावयाने फलक उंच धरला, लेक धावत सुटली. ह्यांनी तिला हाताने थांबवलं, दगडाला चाक टेकवलं, डबीतला आकडा वाचला आणि मगच लेकीला जवळ घेतलं.

आम्ही आत गेलो. मुलगी कौतुकाने उभी राहिली. "अभिनंदन काका! पूर्ण लिहू ना? सोळाशे?"

प्रश्न साधा होता. हो म्हणायचं आणि सही करायची. ह्यांनी डबीतला आकडा पुन्हा वाचला. मग एकदम खात्यातला आवाज लागला. "सोळाशे नाही. पंधराशे अठ्ठ्याऐंशी. तुमची वाट बारा किलोमीटर कमी भरते."

मुलगी हसली. तिला वाटलं काकांचा विनोद. तिला काय माहीत, ह्यांनी जन्मात विनोद केलेला नाही. ह्यांनी पिशवीतून कोरा कागद काढला आणि पंचनामा लिहायलाच घेतला. जनतेस सोळाशे सांगून प्रत्यक्षात कमी माप देणे, म्हणजे फसवणूक. उपस्थित कर्मचारी म्हणून खाली तिची सही हवी. तिने घाबरून वरच्या साहेबांना फोन लावला. साहेब पलीकडून इतके ओरडले की शब्द आम्हाला ऐकू आले. फोन ठेवून तिने माझ्याकडे पाहिलं. डोळे भरलेले. "काकू, माझी नोकरी जाईल का हो?"

"चाक बिघडलं असेल, बाबा," जावई म्हणाला. "द्या सोडून."

"चाकावर शिक्का आहे," हे गरजले.

मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. तेहतीस वर्षं ह्यांना पंचनामे लिहिताना पाहिलंय. लिहिताना मान वर असते, समोरच्याच्या डोळ्यांत बघतात. आज मान खाली होती. सात आणि एकोणीस माझ्या डोळ्यांपुढे आले. फरक बारा. वाट कमी असती तर थोडी इथे, थोडी तिथे कमी भरली असती. सगळे बारा एकाच दिवशी कसे गेले?

"अहो," मी म्हटलं, "जरा बाहेर या."

कचेरीच्या मागे पाण्याची टाकी होती. तिथे मी कॅलेंडरचं ते पान काढलं आणि ह्यांच्या हातात दिलं. चौकोनावर फक्त बोट ठेवलं. ह्यांनी दोन्ही आकडे वाचले. मग टाकीच्या कट्ट्यावर बसले.

"ताप होता," म्हणाले. "तीन दिवसांपासून. सात किलोमीटर झाले आणि वाट गाडीरस्त्याला लागते तिथे आडवा झालो. झोपड्यांना पाव पोचवणारी गाडी आली. गाडीवाल्याने उचलून आत बसवलं."

"आणि चाक?"

"मांडीवर घेतलं होतं. गाडी हलते ना. फिरून आकडा वाढू नये म्हणून हाताने धरून ठेवलं."

मला हसू आलं आणि त्याच दमात रडूही. तापाने फणफणलेला माणूस, पावांच्या खोक्यांत बसलाय, शुद्ध हरपत चाललीय, आणि चाक घट्ट धरून ठेवतोय. चाकाला खोटं बोलू दिलं नाही. मग त्या कचेरीतल्या पोरीला मात्र खोटं पाडायला निघाला! आतलं कारण साधंच होतं. पूर्ण म्हणायला जीभ रेटेना, अपूर्ण म्हणावं तर लेकीसमोर, जावयासमोर, फलकासमोर लाज. तेहतीस वर्षं दुसऱ्याला कमी ठरवलं, तीच सवय कामी आली.

पण मला बारा किलोमीटरचं काही नव्हतं. राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. "त्या दिवशी मला काय कळवलंत तुम्ही? तब्येत उत्तम!" माझा आवाज चढला. "तिथे मेला असतात तर मी इथे सात लिहून झोपले होते!"

ह्यांनी पानाची घडी घातली. मग हळूच विचारलं, "आत सांगणार आहेस?"

तेहतीस वर्षं भल्याभल्यांनी ह्यांना असंच विचारलं होतं, साहेब, वर कळवणार का म्हणून. मामानेही विचारलं होतं. मी म्हटलं, "मी कशाला सांगू? पेन तुमच्याकडे आहे."

आम्ही आत गेलो. मुलीने तोवर डोळे पुसून तडजोड शोधली होती. "काका, मी शेऱ्यात चाकात बिघाड असं लिहिते आणि पूर्ण करून टाकते. साहेबही हो म्हणालेत." जावयाने मान डोलावली. लेकीने मान डोलावली. भिंतीवर नाव लागायला आता एका सहीचीच वाट होती. मला वाटलं, घेतील. खरं सांगते, घ्यावं असंही वाटलं. पाच महिने चालून आलेल्या माणसाला बारा किलोमीटर माफ करायला देवाचीसुद्धा हरकत नसावी.

"चाकात बिघाड नाही," हे म्हणाले. "तुमची वाटही बरोबर आहे. एकेक मीटर बरोबर आहे. मी बारा किलोमीटर गाडीत बसलो."

त्यांनी पंचनाम्याचा कागद फाडला. वही स्वतःकडे ओढली, अपूर्णच्या रकान्यात सही केली आणि शेऱ्यात ठळक अक्षरात लिहिलं, "माप बरोबर. चालणारा कमी भरला." मुलगी वहीकडे बघत बसली. असा शेरा त्या वहीत आधी कोणी लिहिलाच नव्हता.

लेक म्हणाली, "बाबा, कुणाला कळलंही नसतं."

"तुझ्या आईला कळलं," हे म्हणाले.

मग आम्ही परत निघालो. जावयाने फलक गुंडाळून डिकीत टाकला होता. चाक मागे आम्हा दोघांच्या मधे आडवं होतं, ते मी खाली सारलं आणि जरा सरकून बसले. निम्म्या वाटेत हे म्हणाले, "बारा म्हणजे काही फार नाही. मंगळवारी जाऊन चालून येतो."

"मंगळवारी नको, गुरुवारी जाऊ," मी म्हटलं. "मला आधी बूट घ्यायचेत."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, पायांपासून डोक्यापर्यंत, तपासायला आल्यासारखं. "तुला बारा जमतील?"

"जिथे थकेन तिथे सांगेन," मी म्हटलं. "तुमच्यासारखं उत्तम म्हणून कळवणार नाही."