तेहतीसवर लावलेली रेकॉर्ड

नातवाने जुना रेकॉर्डप्लेअर विकत आणलाय. तो सुरू केला की ताथवड्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये तापलेल्या वायरचा वास पसरतो आणि मला पिंपरीची खोली आठवते.

तेव्हा ह्यांच्या कंपनीला टाळं लागलं होतं. पत्रे ठोकणाऱ्या यंत्रांच्या प्रेस शॉपमध्ये, त्या दणदणाटात उमर गेलेला माणूस. घरातल्या शांततेत त्यांना घास गिळवेना. बोलणंही बंद झालं. नवी प्रेस बसवायला आलेल्या परदेशी इंजिनिअरने जाताना ह्यांना एक रेकॉर्ड दिली होती, नुसत्या इलेक्ट्रॉनिक यंत्रांवर वाजवलेल्या संगीताची. काहीच सुचेना म्हणून मी ती घरातल्या रेकॉर्डप्लेअरवर लावली. धप्प... घर्र... धप्प. ह्यांनी मान वर केली. प्रत्येक ठोक्याला उजवा हात बटण दाबल्यासारखा खाली येऊ लागला. मग तो ताटाकडे वळला.

तेवढ्यात शेजारचे सलीमभाई मेकॅनिक आत आले. "वहिनी, ही पंचेचाळीसच्या स्पीडची रेकॉर्ड. तुम्ही तेहतीसवर लावलीय," म्हणत त्यांनी खटका सरकवला. संगीत टणाटणा नाचायला लागलं. ह्यांचा घास हातातच राहिला.

"होती तशी करा, सलीमभाई," हे म्हणाले. "आत्ता कुठं शॉप चालू झालं होतं."

पुढे कित्येक महिने तो आवाज घरात घुमत राहिला. कधी एकदाचा बंद होतोय, असं मला होऊन जायचं.

आज हे अंथरुणाला खिळलेत, मला ओळखत नाहीत. नातवाने तीच रेकॉर्ड तेहतीसवर लावलीय. चादरीवरचा उजवा हात हलत नाही.

"आवाज वाढव रे," मी म्हणते. "अजून वाढव."