दुसऱ्याचं टेबल

आमच्या ट्रॅक्टर शोरूमचे किस्से सांगायला लागले की मैत्रिणी विचारतात, "एस्तेर, तू पगार कामाचा घेतेस की नाटक बघायचा?" आता काय सांगू! केडगावात हायवेला लागून, एकाच छताखाली एवढे अनुभवी लोक बसवले की किस्से साठणारच. एअर फिल्टरमध्ये धूळ साठते, तसे!

पहिल्याच दिवशी मालक अण्णांनी मला नियम सांगितला. "आपलं टेबल सोडून दुसऱ्याच्या टेबलाला हात लावायचा न्हाई. आन् का, म्हनून इचारायचं न्हाई."

माझं टेबल चौकशीचं. म्हणजे "या, बसा, चहा घेणार?" बी.कॉम. होऊन तीन वर्षं हेच! मग कळलं, राजूरला नवी शाखा निघतेय. ठरवलं, तिथली इनचार्ज मीच होणार. मोबाईलवर मॅनेजमेंटचा एक फुकटचा कोर्स केला. त्यातल्या मॅडम सांगायच्या, "एका कामात शिकलेलं दुसऱ्या कामात वापरा." त्यासाठी आधी दुसऱ्याच्या टेबलाला हात लावावा लागतो, हे मॅडमना कोण सांगणार!

*

स्पेअर पार्ट बबनकाकांकडे. रॅकवर एक अक्षर लिहिलेलं नाही, सगळं काकांच्या डोक्यात. काका मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेले आणि नेमकी त्याच दिवशी एकाला क्लचप्लेट हवी! दवाखान्यात फोन लावला. डोळ्यावर पट्टी, पण उत्तर तयार: "खालून दुसरा कप्पा. माझ्या जुन्या चपलंच्या मागं."

चप्पल सापडली. मागे क्लचप्लेटही होती.

काका येईपर्यंत मी सगळ्या कप्प्यांना लेबलं लावून टाकली. काका आले ते काळा चष्मा घालून.

"माझ्या रॅकवर कुनी लिवलं हे?"

"मी."

काका वाकले. लेबलाला नाक टेकेपर्यंत जवळ गेले. मला वाटलं, आता फाडतात!

"अक्षर जरा मोठं काढाया काय झालं हुतं?"

*

सर्व्हिसचं टेबल बापूंचं. गिऱ्हाइकांचे नंबर त्यांच्या मोबाईलमध्ये असे: "जाधव ट्रॅक्टर", "जाधव ट्रॅक्टर मिशी", "जाधव लई बोलतो". एकदा एका जाधवांचा ट्रॅक्टर दुरुस्त होऊन तयार झाला. कुठल्या जाधवांचा, ते बापूंना आठवेना. त्यांनी सगळ्यांनाच फोन केले!

तीन जाधव हजर. त्यातला तिसरा गोंधळलेला. "माझा ट्रॅक्टर तयार म्हनता, पन मी तर अजून घेतलाच न्हाई. नुसती चौकशी करून गेल्तो."

बापू शांतपणे म्हणाले, "मग घ्या की!"

आणि त्याने घेतला हो! मी चासी नंबरप्रमाणे गिऱ्हाइकांची यादी करून बापूंपुढे ठेवली, तर मलाच म्हणतात, "ठेव तिकडं. यादीनं कधी ट्रॅक्टर खपलाय का?"

*

सोमवारच्या मीटिंगमध्ये सगळे एकदम बोलतात. ऐकायला कुणी उरतच नाही. त्या दिवशी माझा पारा चढला. आमच्या चर्चमध्ये मी सहा वर्षं संडे स्कूल घेते, चाळीस पोरं असतात. तोंडातून तोच आवाज निघाला. "बोट ओठांवर!"

अण्णा, बापू, बबनकाका. तिघांचीही बोटं ओठांवर!

ती मीटिंग नऊ मिनिटांत संपली.

*

जेवणाच्या सुट्टीत मेकॅनिक सलीमचाचा मला मागच्या मैदानात ट्रॅक्टर शिकवायचे. गुपचूप. "बेटी, क्लच हाय तो, तुझा राग न्हाई. हळू सोड."

एकदा नव्या ट्रॅक्टरची डिलिव्हरी होती. गिऱ्हाइकाचं अख्खं घर आलेलं, हार, नारळ, मुहूर्ताला पाच मिनिटं. ट्रॅक्टर शोरूममधून बाहेर काढायचा होता. ड्रायव्हर रजेवर, चाचा दुरुस्तीला बाहेरगावी. अण्णांनी काकांकडे बघितलं, काकांनी बापूंकडे, बापूंनी पंख्याकडे. तीस वर्षं ट्रॅक्टर विकतायत, पण चालवता एकालाही येत नाही!

मी ओढणी बांधली, वर चढले आणि ट्रॅक्टर उतारावरून अलगद खाली आणला.

गिऱ्हाइकाची आई अण्णांना म्हणाली, "पोरगी चालवती. तुमी का न्हाई चालवला?"

"माझं टेबल न्हाई ते," अण्णा म्हणाले.

*

गेल्या महिन्यात अण्णांनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. पेढे होते. मी सगळ्यांच्या आधी एक उचलला.

"राजूरचा इनचार्ज ठरला," अण्णा म्हणाले. "माझा भाचा."

माझा पेढा हातातच राहिला.

"त्याला अजून कायबी येत न्हाई, पन शिकंल. एस्तेर, तू म्हैनाभर तिकडं जायचं. पार्ट, सर्व्हिस, डिलिव्हरी, समदं त्याला शिकवायचं. मग हाय की तुझं टेबल!"

"पोरीला लई चांगलं समजावता येतं," बापू म्हणाले.

"लेबलं पन लावून दे त्याला," बबनकाका म्हणाले. "मोठ्या अक्षरात."

मी पेढा परत बॉक्समध्ये ठेवला. "मी नाही शिकवणार."

"का?" अण्णा म्हणाले.

"का, म्हणून विचारायचं नाही. दुसऱ्याचं टेबल आहे ते, अण्णा. मी हात लावणार नाही."

अण्णा बघतच राहिले. बबनकाका चष्मा पुसायला लागले. बापू पंख्याकडे बघत होते.

बोट ओठांवर ठेवा, असं या वेळी मी म्हटलंच नव्हतं.