डावीकडून झडणारा दगड

दगड जागेवरून हलवण्याआधी त्याच्यावर खडूने बाण काढायचा असतो. वरची बाजू कुठली, मातीत रुतलेली कुठली, हे त्या बाणावरून कळतं. कॉलेजात भूगर्भशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर म्हणून मी हे दर वर्षी पोरांना घसा फोडून सांगत असे. आणि तुंगभद्रेकाठच्या सहलीत मी स्वतः मात्र बाण न काढताच दगड उचलून घेतला.

त्याचं खरं कारण मी कॉलेजात कधी सांगितलं नाही. मी घाबरलो होतो. पोरं बसकडे पुढे गेली होती, ऊन उतरलं होतं आणि त्या माळावर मी एकटा होतो. तिथे ग्रॅनाइटचे गोल गोल धोंडे एकावर एक रचल्यासारखे उभे आहेत, नजर पोचेल तिथवर. दिवसा ते धोंडे वाटतात. ऊन कललं की वाटतं, पुष्कळ माणसं आपल्याकडे पाठ करून बसलीत आणि आपण काहीतरी बोलायची वाट पाहताहेत. पायाशी एक लहान गोल दगड होता, सोडणासकट नारळाएवढा. तो मी पिशवीत टाकला आणि जवळजवळ पळतच बस गाठली.

मुंबईला आल्यावर प्राध्यापकांनी दगड टेबलावर फिरवून पाहिला. "वरची बाजू कुठली?"

"ही, सर. बहुतेक."

"बहुतेक? मग हा नमुना नव्हे, धोंडा झाला. घरी न्या आणि चटणी वाटा."

असा तो दगड ठाकूरद्वारच्या आमच्या वाडीत आला.

बायकोला मी रात्रीच्या जेवणाआधी सगळं समजावलं. हा खडक जमिनीच्या पोटात तयार होतो. त्याला उभ्या-आडव्या चिरा पडतात, विटा रचल्यासारखे चौकोनी ठोकळे होतात. चिरांतून पाणी झिरपतं आणि खडक कुजायला लागतो. सपाट बाजूला पाणी एकीकडून लागतं, धारेला दोन्हीकडून आणि कोपऱ्याला तिन्हीकडून. म्हणून कोपरे आधी जातात, मग धारा. कांद्यासारखे पापुद्रे सुटत जातात आणि आत राहतो तो गोल गाभा. वरची माती वाहून गेली की हे गाभे उघड्यावर येतात.

"म्हणजे साबणाची वडी," ती म्हणाली. माझी पाच वर्षांची नोकरी तिने तीन शब्दांत आटपली. मग दगडावरून बोट फिरवून म्हणाली, "पण ही एक बाजू भुसभुशीत आहे. रवा निघतोय."

"ती मातीत रुतलेली असणार. ओल धरून कुजलीय."

"मग माझ्या घरात नको. मला केर काढावा लागतो."

दगड खाली चौकात गेला, नळाजवळच्या कट्ट्यावर. चार दिवसांत त्याच्या माथ्यावर कुंकवाचं बोट उमटलं.

ते उमटवलं तळमजल्यावरच्या मावशींनी. त्या मालवणकडच्या. नवरा गिरणीतच गेला, मुलगा परळच्या गिरणीत लागलेला, घरात दोघंच. त्यांनी दगडाखाली पितळेचं ताम्हण ठेवलं, रोज सकाळी पाणी घालायला सुरुवात केली. मी म्हटलं, "मावशी, हा देव नाही हो. कॉलेजने परत पाठवलेला दगड आहे."

"कॉलेजात नापास झालो म्हणान काय झाला? देव होवक काय मॅट्रिक लागता?"

मी स्वतः दुसऱ्या खेपेला मॅट्रिक झालेलो असल्याने गप्प बसलो.

ती संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची वर्षं. वाडीच्या तोंडाशी रोज सभा, घोषणा. मग एक दिवस मोर्चा फोर्टाकडे गेला, गोळीबार झाला आणि गिरगावात संचारबंदी लागली. मावशींचा मुलगा त्या मोर्चात होता. तो परत आला नाही.

संचारबंदी सुटायची तेवढ्या वेळात मी आणि वाडीतले दोघेतिघे इस्पितळं फिरून आलो. जखमींत नव्हता, मेलेल्यांत नव्हता. चौकीवर विचारलं तर अशा नावाचा माणूस पकडलेलाच नाही म्हणाले. मावशींना हे सांगितलं. त्या दिवसापासून त्यांनी चूल पेटवायचं सोडलं. कोणी चहा दिला तर घ्यायच्या, बास.

आणि त्यांनी कौल लावला. त्यांच्या गावाकडे देवाला असं विचारतात. देवाच्या अंगावर उजवीकडे एक आणि डावीकडे एक अशी फुलाची पाकळी ओली करून चिकटवायची, गाऱ्हाणं घालायचं आणि थांबायचं. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. त्यांनी दिवेलागणीला दगड धुतला, पाकळ्या लावल्या आणि विचारलं, माझा झील घरी येणार का?

सगळी वाडी कठड्याला टेकून बघत होती. डावी पाकळी पडली.

दुसऱ्या दिवशीही डावी.

त्या दिवसांतली दुपार मला अजून आठवते. एरवी आमच्या वाडीत दुपारी निदान भांडी तरी वाजतात. संचारबंदीत तीही वाजत नव्हती. ट्राम नाही, फेरीवाला नाही, पोरं दाराआड. आणि त्या शांततेत खालून आवाज यायचा. टिण्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, टिण्. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं कोणी नाणं टाकतंय. मग लक्षात आलं. दगड झडत होता. सकाळच्या पाण्याने भिजायचा, दुपारच्या उन्हाने सुकायचा, आणि कुजलेल्या बाजूचा एकेक कण सुटून ताम्हणात पडायचा. तुंगभद्रेकाठी जे हजारो वर्षं चाललंय तेच, आमच्या चौकात. हे सगळं मला पाठ होतं. तरी प्रत्येक आवाजाला मानेवर काटा यायचा, आणि वाटायचं, खाली कोणीतरी आपल्याकडे पाठ करून बसलंय.

कुजलेली बाजू डावीकडे होती. डावीकडे पाकळी टिकणारच कशी? तिच्याखालची जमीनच सुटत होती!

दुसऱ्या कौलानंतर मी मावशींना हे सांगायला गेलो. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी कोपरे, धारा, पापुद्रे असं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"मास्तर, दगड खोटा बोलणा नाय," त्या म्हणाल्या. "उद्या तिसरो कौल. उद्याय डावो पडलो, तर त्येच्या नावान डोक्यावरसून पाणी घेवन मोकळी होतलंय."

म्हणजे मुलाच्या नावाने मेलेल्याचं स्नान. आणि त्या चेहऱ्याकडे बघून कळत होतं की ते पाणी अंगावर पडल्यावर ही बाई स्वतः फार दिवस काढणार नाही. मी वर आलो आणि बायकोला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, तशीच निवडत राहिली.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी मी खाली उतरलो. चपला हातात घेतल्या होत्या. चौकात ऊन पांढरं झालं होतं, सगळी दारं लावलेली. दगडाला हात लावला तर तो ऊनऊन लागला, तापलेल्या माणसाच्या कपाळासारखा. मी झटकन हात काढून घेतला. मग मनाशी म्हटलं, अरे, तू शिकवतोस ना हे? उन्हात दगड तापतो. पुन्हा हात लावला आणि दगडाला अर्धा फेरा दिला. डावी बाजू उजवीकडे, उजवी डावीकडे. ताम्हणात उजव्या अंगाला रवाळ चुरा पडलेला दिसला, पण वर कुणाची तरी कडी वाजल्यासारखं झालं आणि मी तसाच जिन्याकडे सुटलो. कुठली बाजू कशी होती हे हाताने चाचपून पाहिलं नाही. बाण तर नाहीच काढला.

दिवेलागणीला मावशी आल्या. धरून आणावं लागलं त्यांना. दगड धुतला, पाकळ्या लावल्या. या खेपेला त्यांनी गाऱ्हाणं मोठ्याने घातलं नाही, नुसते ओठ हलले. वाडी गच्च उभी होती आणि कोणी खोकतसुद्धा नव्हतं. मी कठडा धरून उभा होतो, बायको शेजारी. तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगडीचा वळ उठला.

बराच वेळ काहीच झालं नाही. मग एक पाकळी हलली. वारा नव्हता. ती सावकाश, जणू कोणी बोटाने ढकलावी तशी खाली घसरली.

उजवी.

मावशी तिथेच बसल्या आणि रडल्या. बायकोने खाली जाऊन त्यांना पेज भरवली.

आठवड्याभरात मुलगा आला. दाढी वाढलेली, एक दात पडलेला. पकडल्यावर गिरणीतली नोकरी जाऊ नये म्हणून त्याने भलतंच नाव सांगितलं होतं आणि त्या नावाने तो मुंबईबाहेरच्या तुरुंगात होता. मावशींनी आधी त्याला दोन शिव्या हासडल्या, मग ओवाळलं, मग दगडापुढे नारळ फोडला.

त्या संध्याकाळी मला राहवेना. पानावर बसलो आणि बायकोला सगळं सांगून टाकलं. दुपारी चपला हातात घेऊन कसा उतरलो, अर्धा फेरा कसा दिला, कुजलेली बाजू उजवीकडे आल्यावर उजवी पाकळी पडणं कसं क्रमप्राप्त होतं. "देवबीव काही नाही," मी म्हटलं, "साधं शास्त्र आहे. श्रेय घेत नाही मी, पण तुला म्हणून सांगतो."

तिचा वाढता हात थांबला. तिने भाताचं भांडं खाली ठेवलं.

"अहो," ती म्हणाली, "त्या दिवशी सकाळी पाणी भरायला गेले तेव्हाच मी तो फिरवला होता. तुम्ही परत होता तसा करून ठेवलात."

मी पानावरून उठायला लागलो.

"बसा," ती म्हणाली. "आता खाली जाऊन हात लावून बघायचं नाही."