मेव्हण्यासमोर न दाबलेलं बटण

आमच्या कोडोलीच्या दादासोची गोष्ट सांगायची तर आधी त्याच्या ट्रकच्या मागच्या लाल दिव्यांची सांगावी लागेल. अहो, वीस वर्षं मी त्याच्या मागं दुसरा ट्रक चालवला. गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना बाकीच्यांचे ब्रेकचे दिवे काजव्यासारखे लुकलुकत. दादासोचे पेटतच नसत. पेटले तर समजायचं, म्हैस आडवी आलीय.

गुपित त्याच्या डाव्या पायाशी होतं. क्लचच्या शेजारी एक बटण. टाचेनं दाबलं की धुराच्या नळीतली झडप मिटते, धूर कोंडतो आणि इंजिनच गाडीला मागं धरून ठेवतं. त्याला आम्ही इंजिन ब्रेक म्हणायचो. दादासो सातवी नापास, पण या विषयावर मास्तर!

"गिअर घाटाच्या तोंडालाच टाकायचा. उतारात वेग धरला की खालचा गिअर पडत न्हाय. गिअर बदलताना बटणावरचा पाय काढायचा. गाडी रिकामी आणि रस्ता वला असला तर बटणाच्या नादाला लागायचं न्हाय, मागची चाकं घसरत्यात. आणि पायातला ब्रेक जिलबीगत राखून ठेवायचा, शेवटच्या पंगतीला!"

आणखी एक नेम होता. घाटाच्या डोक्यावर चहाला थांबलं की इंजिन चालू करून बटण एकदा दाबायचं. आवाज कोंडून घुमला की मगच खाली उतरायचं. हा नेम त्यानं जन्मात एकदाच मोडला. कुणापायी, ते ऐका.

साल अठ्ठ्याण्णव. गणपती आठ दिवसांवर आलेले. मालक गणपतरावांच्या दोन्ही ट्रकांत गूळ भरलेला, जायचं कणकवलीला. दादासोची गाडी आदल्या दिवशीच गॅरेजमधून आली होती. गॅरेज जोतीरामचं; हा दादासोच्या बायकोचा, यल्लव्वाचा, सख्खा भाऊ. त्याला गगनबावड्यात एक जीप दुरुस्त करायची होती, म्हणून तो दादासोशेजारी बसूनच आला.

चहा झाला. दादासो इंजिन चालू करून टाच उचलणार, तेवढ्यात जोतीराम खालून ओरडला, "दाजी, मी सवता तपासलंय. माझ्यावर इस्वास न्हाय व्हय?"

टपरीवरचे पाच-सहा ड्रायव्हर हसले. आमच्याकडं मेव्हणा चार माणसांत असं बोलला की पुढं तपासणं म्हणजे त्याच्या तोंडात मारणंच. दादासोही हसला. "तुझ्यावर न्हाय तर कुणावर ठेवू रं?" म्हणाला, आणि पाय बाजूला घेतला.

बटणाच्या भरवशावर त्यानं नेहमीसारखा तिसरा गिअर टाकला. बटण नसतं तर दुसरा टाकला असता.

दुसऱ्या वळणावर त्याचे लाल दिवे पेटले. मी म्हटलं, आली म्हैस! तिसऱ्या वळणावरही पेटलेलेच. मग जळका वास आला, चाकांतून धूर निघायला लागला. मी नुसता हॉर्न वाजवत राहिलो. दुसरं काय करणार? दादासोनं डोंगराकडच्या गटारात चाकं घातली. हौदा खडकाला घासत, किंचाळत गेला आणि गाडी कलंडून थांबली. समोर चार हातांवर दरी.

तो उतरला तेव्हा गुडघा फुटला होता. गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, रस्त्यावर फुटलेले, आणि माकडांचा गणपती आठ दिवस आधीच बसलेला!

आम्ही गाडीखाली शिरलो. झडपेला हवा नेणारी रबरी नळी दुमडून तारेनं आवळली होती. तारेला तीन पीळ, आणि टोक आत वळवलेलं. टोक कुणाच्या हाताला लागू नये म्हणून जोतीराम नेहमी तसंच वळवायचा. दादासोनं त्या टोकावरून बोट फिरवलं. मग त्यानं तार सोडवली आणि खिशात घातली.

झडप मिटली की अडकून बसत होती आणि नवी पुण्याहून यायला वेळ होता. "नळी बांध, गाडी सोड. दादासोला सांगू नको, तो घाट उतरायचा न्हाय," असं गणपतरावांनीच जोतीरामला सांगितलं होतं. पुढं दोन वर्षांनी ते स्वतःच माझ्याजवळ बोलून गेले.

पण त्या दिवशी? संध्याकाळी गणपतराव आणि जोतीराम जीपनं आले आणि सगळ्यांसमोर जोतीराम म्हणाला, "दाजींनी बटण दाबलंच नसंल. वय झालं आता."

मी तोंड उघडलं, तर दादासोनं माझा दंड दाबला. दुसरा हात खिशातच होता.

घरी यल्लव्वानं विचारलं, "खरंच इसरला व्हय?"

"व्हय," तो म्हणाला. भावाला राखी बांधून तिला पंधरा दिवसही झाले नव्हते.

त्याची नोकरी गेली. स्टँडवर पोरंसोरं त्याला 'बटण इसरलेला' म्हणू लागली. ज्या माणसानं घाटात कधी दिवा पेटू दिला नाही, त्याला!

नऊ वर्षांनी जोतीरामच्या लेकीचं, वर्षाराणीचं, लग्न कणकवलीत ठरलं. तो कोडोलीला आला. "दाजी, वऱ्हाडाचा ट्रक तुमीच न्या. घाटात माझा दुसऱ्या कुणावर इस्वास न्हाय."

दादासो म्हणाला, "येतो."

गगनबावड्याला चहा झाला. दादासोच्या अंगात पांढरा सदरा, डोक्याला फेटा. जोतीराम म्हणाला, "दाजी, मी काल सगळं..."

दादासोनं फेटा काढून यल्लव्वाकडं दिला, पोतं अंथरलं आणि सरळ गाडीखाली शिरला. वऱ्हाड वाकून बघायला लागलं. "आवो, हे काय?" यल्लव्वा पुटपुटली. तो पाठीला चिखल घेऊन बाहेर आला, केबिनमध्ये चढला आणि बटण तीनदा दाबलं. तिन्ही वेळा इंजिन कोंडून घुमलं.

मग तो खाली उतरला, जोतीरामला बाजूला घेतलं आणि त्याच्या तळहातावर गंजलेली तार ठेवली.

"ही तुझी. टोक आत वळवलंय, लागायचं न्हाय."

ट्रकमागं वऱ्हाडाची जीप मी चालवत होतो; जोतीराम तीत बसला. अर्धा घाट उतरेपर्यंत त्याची मूठ उघडली नाही. मग त्यानं विचारलं, "आक्काला ठाव हाय?"

"न्हाय," मी म्हटलं. "नऊ वर्षं झाली, अजून न्हाय."

त्यानं मान खाली घातली. पुढं वळणामागून वळणं येत होती, आणि दादासोचे दिवे एकदाही पेटले नाहीत.