गाणं मोडायचा मान

काल गाण्याच्या बैठकीत आमच्या वस्तीतल्या चार बाया रिकाम्या घागरी घेऊन शिरल्या आणि पहिल्या रांगेतल्या मंत्र्यांकडे पाणी मागू लागल्या. गाणं थांबलं.

"संस्कृतीच नाही या लोकांना!" माझ्या शेजारची बाई फणकारली.

थोड्याच वेळापूर्वी याच मंत्र्यांच्या सत्कारासाठी रंगात आलेलं गाणं मध्येच तोडलं होतं. शाल, नारळ, वर लांबलचक भाषण. तेव्हा हीच टाळ्या वाजवत होती. गाणं मोडायचा मानसुद्धा खुर्चीवाल्यांचाच का?

"किती बेसूर ओरडतात!" ती पुन्हा म्हणाली.

"दोन महिने नळ कोरडा आहे," मी म्हटलं. "तुम्ही गाऊन दाखवा."

समोर गायिकेनं ओठांशी नेलेला पाण्याचा पेला तसाच खाली ठेवला.