बुधवारी दहाची मुलाखत

बत्तीस वर्षे पोलीस खात्यात काढली. खून पाहिले, दरोडे पाहिले, सख्ख्या भावांनी एकमेकांवर घातलेल्या कुऱ्हाडी पाहिल्या. पण जे प्रकरण मला सर्वांत जड गेले, त्याची नोंद कोणत्याही ठाण्याच्या स्टेशन डायरीत सापडणार नाही. ते निवृत्तीनंतर घडले, अमेरिकेत घडले, आणि त्यातला मुद्देमाल होता सवलतीत घेतलेला वाय-फायचा डबा. त्यातली एक संध्याकाळ काही केल्या मनातून जात नाही.

नावे देत नाही. संबंधित सगळे हयात आहेत, आणि त्यांतल्या एकीबरोबर मी रोज सकाळी चहा पितो.

माझा मुलगा आणि सून तिथल्या कॅरी नावाच्या गावात राहतात. आम्ही दोघे नवरा-बायको सहा महिन्यांसाठी त्यांच्याकडे गेलो होतो. पाइनच्या झाडांत लपलेले दुमजली घर, रस्त्यावर चिटपाखरू नाही. वसंतात त्या झाडांचे पिवळे पराग अंगणातल्या गाड्यांवर असे बसतात, की गाडीचा मूळ रंग कोणता हे विचारावे लागते. मुलगा सकाळी आठला गाडी काढून ऑफिसला जायचा, सहाला परत यायचा. सून घरीच. ती एम.फार्म. झालेली, नागपूरला चांगल्या कंपनीत होती. लग्नानंतर इथे आली ती नवऱ्याच्या व्हिसावर, म्हणजे नोकरी करण्याची परवानगी नाही. ती परवानगी मिळायला चार वर्षे गेली. आम्ही पोचलो त्याच महिन्यात कागद हाती आला होता, आणि पोरगी अर्जांवर अर्ज करत सुटली होती.

पहिली मुलाखत आली. इथे मुलाखती लॅपटॉपवरच होतात. ती वरच्या खोलीत दार लावून बसली आणि पंचवीस मिनिटांत खाली आली.

"बाबा, इंटरनेट गेलं. मधेच फ्रीझ झालं सगळं."

"परत लावून बघ."

"लावलं ना. तोवर त्यांनी कॉल एंड केला."

त्या घरात मोबाईलला सिग्नल जेमतेम, त्यामुळे सगळी भिस्त वाय-फायवर. ती कंपनी हातची गेली. मुलाला संध्याकाळी कळले तेव्हा तो फार हळहळला. त्याच आठवड्यात त्याने एक मोठा डबा घरी आणला.

"बाबा, मस्त डील मिळालं. मेश सिस्टीम आहे. तीन युनिट्स, ओपन बॉक्स, जवळजवळ अर्ध्या किमतीत! आता घरात कुठेही बसा, ड्रॉप होणार नाही."

कोणीतरी परत केलेला माल, म्हणून सवलत. शनिवारी त्याने ती पांढरी यंत्रे स्वतः बसवली. एक हॉलमध्ये, एक जिन्याजवळ, एक सुनेच्या खोलीत. सगळ्याचा कारभार त्याच्या फोनमधल्या ऍपवरून चालायचा. मी म्हटले, "बायकोसाठी चांगलं काम केलंस." तो हसला.

दुसऱ्या एका औषध कंपनीकडून तिला बोलावणे आले. पहिली फेरी साध्या फोनवर झाली, ती उत्तम गेली. दुसरी फेरी लॅपटॉपवर. विसाव्या मिनिटाला इंटरनेट गेले. या वेळी तिने वेळ घालवला नाही. फोन घेऊन पायातल्या मोज्यांनिशी रस्त्यावर धावली, सिग्नल मिळाला तिथे उभी राहून उरलेली उत्तरे दिली. त्या लोकांना बहुधा ती जिद्द आवडली असावी. शेवटच्या फेरीसाठी गुरुवारी अकराची वेळ मिळाली. पण सोबत एक सूचनाही होती: पुन्हा असा व्यत्यय आला तर आम्हाला दुसऱ्या उमेदवाराचा विचार करावा लागेल.

ते वाचून सून जिन्याच्या पायरीवर बसली. रडली नाही. "बाबा, चार वर्षं वाट बघितली हो," एवढेच म्हणाली.

मी तपास हाती घेतला. निवृत्त पोलीसवाला घरात रिकामा बसला की त्याला असे काहीतरी हवेच असते, असे माझी बायको म्हणते.

माझा पहिला संशय त्या डब्यावर होता. स्वस्तात मिळालेल्या मालाची आधीची मालकी तपासायची, हा ठाण्यातला पहिला धडा. ज्याने तो परत केला त्याचा ताबा अजून त्यावर असेल तर? मुलाला विचारले. तो म्हणाला, "नाही बाबा, फॅक्टरी रीसेट केलाय. पण तुम्ही म्हणता तर पुन्हा करतो." लगेच केलाही. चौकशीत इतके सहकार्य मी फार कमी लोकांकडून पाहिले आहे. जो माणूस न बोलावता शोधपथकात पुढे चालतो, त्याच्यावर एक डोळा ठेवावा, हे मी कितीतरी नव्या फौजदारांना शिकवले. घरात ते मला सुचले नाही.

मग एक वही केली. इंटरनेट कधी जाते, कधी येते, तेव्हा कोण कुठे होते, सगळे वेळेनिशी लिहायचे. दुसऱ्या फेरीची वेळ आठवून पहिली ओळ लिहिली; पुढच्या आठ दिवसांत ते आणखी दोनदा गेले. दोन्ही वेळा सून मैत्रिणीबरोबर मुलाखतीचा सराव करत असताना; सरावाची वेळ ती आदल्या रात्री जेवताना सांगायची. तिन्ही वेळा मी हॉलमध्ये होतो आणि तिन्ही वेळा बायको टीव्हीवर मराठी मालिका पाहत होती. त्या मालिका त्याच वाय-फायवर चालायच्या. एकही अडली नव्हती.

त्या नोंदी मी पुन्हा पहिल्यापासून वाचल्या. इंटरनेट गेलेच नव्हते. एका लॅपटॉपचे बंद होत होते. कडी-कोयंडा शाबूत असताना घरातली वस्तू जाते, तेव्हा पोलीस बाहेर शोधत नाहीत. हे मी जाणत होतो, तरी मन म्हणत होते की यंत्रात काहीतरी दोष असेल. खरे सांगतो, पुढचा सापळा मी लावला तो कोणाला पकडण्यासाठी नाही. माझ्या मनात आले ते खोटे ठरावे म्हणून लावला.

सोमवारी दुपारी सुनेला म्हटले, "आज जेवताना सांग, की मुलाखत बुधवारी दहाला ठरली आहे. गुरुवारची वेळ बदलली म्हण."

तिने का म्हणून विचारले नाही. माझ्याकडे पाहिले आणि मान खाली घातली. "चालेल बाबा."

साक्षीदाराला सगळे ठाऊक असते पण तोंडातून काढवत नाही, तेव्हा नजर अशीच खाली जाते. हजार वेळा पाहिलेली ती नजर मी त्या दिवशी ओळखली नाही, किंवा ओळखायची नव्हती.

रात्रीच्या जेवणाला तिने सांगितले. मुलगा म्हणाला, "अरे वा, प्रीपोन झाला? ऑल द बेस्ट!" आणि पोळी मागून घेतली.

बुधवारी सकाळी पावणेदहाला सून खोलीत लॅपटॉप उघडून बसली. तिच्याशेजारी मी वही-पेन घेऊन. खाली टीव्ही चालू. तिने कसलेसे व्याख्यान लावले होते. दहा वाजले. दहा वाजून दोन मिनिटे, पाच मिनिटे. माझ्या मनात आले, सुटलो, यंत्राचाच दोष. दहा वाजून आठ मिनिटांनी पडद्यावर व्याख्यान देणारी बाई तोंड उघडे ठेवून थांबली.

खालून मालिकेचे संगीत ऐकू येत होते.

सुनेने हळूच लॅपटॉप मिटला आणि तो मांडीवर धरून बसून राहिली. मी वहीत वेळ लिहिली. अकराला पाच कमी असताना इंटरनेट आले. ती खोटी वेळ जगात फक्त चौघांना ठाऊक होती. तिघे घरात होते.

संध्याकाळी गॅरेजचे दार वाजले. मुलगा स्वयंपाकघरात आला, चहा घेतला आणि विचारले, "कसा झाला इंटरव्ह्यू?"

"तू सकाळी दहाला कुठे होतास?" मी म्हटले.

"मीटिंगमध्ये, बाबा. बॅक टू बॅक होत्या."

"फोन जवळ होता?"

"असतोच ना."

"आज मुलाखत नव्हतीच. ती वेळ मी सांगायला लावली होती."

आरोपीला पुरावा दाखवला की तो आधी रागावतो, मग हसतो, मग पाणी मागतो. माझा मुलगा यांतले काहीच न करता कपाकडे पाहत राहिला. त्याचे कान लाल झाले. लहानपणी खोटे पकडले गेले की व्हायचे तसेच.

"ऍपमध्ये पॉझ करता येतं," तो शेवटी म्हणाला. "एकेक डिव्हाइस. पहिल्यांदा जुन्या राउटरवर केलं होतं. बाबा, तुम्हाला इथलं माहीत नाही. ती जॉबला लागली की दीड तासाचा ड्राइव्ह, घर कोण बघणार? उद्या मुलं होतील. मी सांगितलं तर भांडणं होतात. म्हटलं, एक-दोन रिजेक्शन आले की आपोआप शांत होईल."

"तू घरात चोरी केलीस. तिनं चार वर्षं ज्याची वाट पाहिली, तेच चोरलंस." माझा आवाज चढला होता.

"चोरी काय त्यात?" आता तोही चिडला. "तुम्ही नाही का फोनला कुलूप लावायचात? किल्ली खिशात घेऊन ड्यूटीवर जायचात. आई कधी काही बोलली? चाललंच ना घर?"

पोलीस क्वार्टरमधला तो काळा फोन मला दिसला. गोल डायल, पहिल्या घरात अडकवलेले पितळी कुलूप. सरकारी फोन आहे, शेजारीपाजारी फिरवत बसतात, म्हणून लावतो, असे मी सगळ्यांना सांगायचो. ते खोटे नव्हते. पण मी नसताना बायको दुपारी कोणाशी बोलते ते मला माहीत असले पाहिजे, असेही मला वाटायचे. हे मी आजवर कोणाला सांगितले नव्हते. सात-आठ वर्षांचा पोरगा दाराशी उभा राहून ते कुलूप रोज पाहत होता, हे मला कधी सुचलेच नाही.

बोलली ती माझी बायको. सिंकपाशी होती. नळ बंद करून, पदराला हात पुसत मुलाकडे वळली.

"मी बोलले नाही म्हणून चाललं, असं समजू नकोस," ती म्हणाली. "मी रोज फोन करत होते. डायल लागत नसे, पण रिसीव्हर ठेवायची ती कळ असते ना, ती दाबून नंबर लावता येतो. पाचला पाच वेळा, सातला सात वेळा, भराभर. मावशीनं शिकवलं होतं मला. कितीदा चुकायचा, परत पहिल्यापासून. गावातल्या गावात माझ्या बहिणीशी दोन शब्द बोलायला मी चोरासारखी टकटक करत बसायचे, आणि यांच्या जीपचा आवाज आला की ठेवून द्यायचे."

अट्टल चोरांना बोलते केलेला मी, माझ्याच बैठकीच्या खोलीत अकरा वर्षे काय चालले होते त्याचा मला पत्ता नव्हता. धक्का हा शब्द मी अहवालांत पुष्कळदा लिहिला आहे. त्याचा अर्थ त्या संध्याकाळी कळला.

सून जिन्यात उभी होती. तिने सगळे ऐकले होते. मी वहीतली ती पाने फाडली, खाली सही केली, वेळ घातली आणि तिच्या हातात दिली.

"तुला इथे तक्रार करायची असेल तर कर," मी म्हटले. "याच्याविरुद्ध मी जबाब देईन."

सुनेने कागद घडी करून ठेवले. "आज नाही बाबा. पण हे माझ्याजवळ राहू दे." मग तिने त्याच्याकडे हात केला. "फोन दे." त्याने दिला. तिने ऍपमधली मालकी स्वतःच्या नावावर करून घेतली आणि फोन परत ठेवला. "तरी उद्या मी घरून इंटरव्ह्यू देणार नाही. लायब्ररीत रूम बुक केली आहे. आई, तुम्ही याल माझ्याबरोबर?"

गुरुवारी दोघी गेल्या. मुलाखत पाऊण तास चालली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. दोन आठवड्यांनी नोकरीचे पत्र आले. त्या नवरा-बायकोत पुढे काय ठरले ते त्यांचे ते जाणोत. समुपदेशकाकडे जातात एवढे मला माहीत आहे, आणि ते कागद तिने फाडलेले नाहीत, हेही माहीत आहे. मुलगा माझ्याशी बरेच दिवस मोजकेच बोलला. त्याच्यावर ओरडण्याचा मला किती अधिकार होता, हा प्रश्न मलाही छळत होता.

पत्र आले त्या दुपारी आम्ही दोघे घरामागच्या लाकडी ओट्यावर, डेकवर, बसलो होतो. खुर्च्यांवर पिवळी धूळ, ती बायकोने पुसून काढली होती. खात्यात असताना उशिरा पुढे आलेल्या प्रत्येक फिर्यादीला मी एक प्रश्न हमखास विचारायचो. तोच तिला विचारला.

"इतकी वर्षं होत होतं, तर तेव्हाच का नाही सांगितलंस?"

तिच्या आवाजात राग नव्हता.

"तक्रार द्यायची कुठे?" ती म्हणाली. "ठाण्याचे साहेब तर तुम्हीच होतात."